टाकी धुणारं मशीन आतून फिरतंय का? डेअरीतल्या नव्या फिटरसाठी

दूध डेअरीत नवीन लागलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात पंप कळतात, व्हॉल्व्ह कळतात, होमोजिनायझरचा आवाज कानात बसतो. सायलोच्या, म्हणजे दूध साठवायच्या उंच टाकीच्या, डोक्यावरून आत लटकलेलं नारळाएवढं मशीन मात्र त्याला कोणी दाखवत नाही. त्याला मोटर नाही, वायर नाही, पॅनेलवर त्याच्या नावाचा दिवा नाही. आणि ते बंद पडलं तरी सीआयपी (टाकी आणि पाइप न सोडता आतल्या आत धुण्याची प्रक्रिया) शेवटपर्यंत सुरळीत चालते. पंप चालतो, तापमान येतं, कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचं प्रमाण सांगणारी कंडक्टिव्हिटी बरोबर दिसते, पडद्यावर ‘पूर्ण’ असं येतं. टाकी तेवढी धुतलेली नसते.

मी ज्या डेअरीत शिकलो तिथे एका उन्हाळ्यात सलग तीन दिवस एकाच सायलोतल्या दुधाची एमबीआरटी वेळ (मिथिलीन ब्लूचा रंग उडायला लागणारा वेळ, तो कमी म्हणजे जंतू जास्त) कमी येत होती. लॅबने संकलन केंद्रांवर संशय घेतला, आम्ही लॅबवर. कॉस्टिकचं प्रमाण वाढवून पाहिलं, फरक पडला नाही. चौथ्या दिवशी मॅनहोल उघडून टॉर्च मारली. भिंतीवर चार उभे पट्टे आरशासारखे चकचकीत होते आणि त्यांच्या मधला भाग हाताला चिकट लागत होता. मशीन जागच्या जागी अडकलं होतं, चारही धारा तीन दिवस त्याच चार ठिकाणी आदळत होत्या. उघडल्यावर टर्बाइनच्या पात्यांत रबरी गॅस्केटचा नखाएवढा तुकडा निघाला. आठवडाभर आधी पाइपच्या वळणावरचं गॅस्केट बदललं होतं, त्यातला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की या मशीनच्या बहुतेक बिघाडांचं मूळ मशीनच्या बाहेर असतं. म्हणून पुढचा सगळा क्रम बाहेरून आत जाणारा आहे.

आपल्या टाकीत नेमकं काय बसवलंय?

‘स्प्रे बॉल’ हा शब्द डेअरीत सरसकट वापरला जातो, त्याने गोंधळ होतो. खरा स्प्रे बॉल म्हणजे भोकं पाडलेला स्थिर गोळा. तो फिरत नाही. साधारण १ ते २.५ बार दाबावर तो टाकीच्या वरच्या भागात पाणी मारतो आणि ते पाणी पडद्यासारखं भिंतीवरून ओघळतं. दुसरा प्रकार फिरत्या स्प्रे हेडचा. त्याच्या चिरांमधून तिरकं निघणारं पाणीच त्याला एका अक्षाभोवती गरगर फिरवतं. तिसरा रोटरी जेट हेड, आणि हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. त्याला सहसा दोन किंवा चार नोझल असतात, तो ५ बारच्या आसपास चालतो आणि एकाच वेळी दोन अक्षांभोवती फिरतो.

आतली रचना समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल. पाणी मशीनमध्ये शिरताच एका छोट्या टर्बाइनच्या पात्यांवर आदळतं. टर्बाइन वेगाने फिरते, गिअर तो वेग खूप कमी करतात आणि मशीनचं अंग उभ्या अक्षाभोवती संथ फिरू लागतं. त्याच वेळी नोझलचा हब आडव्या अक्षाभोवती फिरतो. दोन्ही गिअरच्या दातांची संख्या मुद्दाम अशी ठेवलेली असते की धार लगेच जुन्या रेषेवर परत येत नाही, शेजारून जाते. सुताचा गुंडा गुंडाळताना धागा जसा दर वेढ्याला थोडा सरकतो, तसं. पहिल्या फेरीत भिंतीवर विरळ जाळं पडतं आणि पुढच्या फेऱ्यांत मधल्या जागा भरत जातात. प्रचलित मॉडेलपैकी काहींना पूर्ण जाळं विणायला ८ फेऱ्या लागतात.

याचा थेट परिणाम सीआयपीच्या वेळेवर होतो. समजा तुमच्या मशीनला पूर्ण जाळ्यासाठी १२ मिनिटं लागतात आणि वेळ वाचवायला कोणी कॉस्टिकची पायरी ८ मिनिटांवर आणली. मशीन निरोगी असूनही टाकीचा काही भाग धारेविना राहील. असा ‘बिघाड’ पाना घेऊन सापडत नाही. म्हणून तक्रार आली की आधी विचारा: अलीकडे कोणी वेळ बदलली का?

हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याचे चार घटक एका वर्तुळात मांडले: रसायन, तापमान, वेळ आणि यांत्रिक मार. एक कमी झाला की उरलेल्यांनी ती कसर भरायची. जेट हेड थांबलं की यांत्रिक मार जवळजवळ संपतो, आणि ऑपरेटर नकळत कॉस्टिक वाढवत राहतो. एखाद्या टाकीला इतरांपेक्षा जास्त कॉस्टिक लागायला लागलं, तर मी आधी तिचं मशीन बघतो.

बिघाडाच्या आधी: निरोगी मशीनची नोंद

हे काम मशीन चांगलं चालत असतानाच करायचं. आजारी माणसाचा ताप मोजून उपयोग तेव्हाच, जेव्हा निरोगी माणसाचं तापमान माहीत असतं.

दाब मशीनच्या तोंडाशी किती येतो ते लिहून ठेवा. पंपाजवळचा गेज इथे फसवतो. पाणी १० मीटर वर चढलं की साधारण १ बार दाब खर्च होतो, शिवाय पाइप, वळणं आणि व्हॉल्व्ह यांचं घर्षण. खाली गेज ६ बार दाखवत असेल आणि सायलो ९ मीटर उंच असेल, तर वर चार-साडेचार बारच पोचत असतील. टाकीच्या डोक्यावर, डाउनपाइपच्या (मशीन ज्याला लटकतं त्या उभ्या पाइपच्या) आधी, एक सॅनिटरी गेज बसवून घ्या. साहेबांकडे एखादीच गोष्ट मागायची असेल तर ही मागा.

मग वेग मोजा. सायलोतली धार एका ठरावीक जागेवरून किती सेकंदांनी जाते ते ऐकून मोजता येतं. मॅनहोलच्या गळ्याला लाकडी दांडा टेकवा, दुसरं टोक कानाजवळ धरा. धार जवळून गेली की ‘सर्रर्र’ असा आवाज चढतो आणि उतरतो. सायलोला इन्सुलेशन असल्यामुळे भिंतीच्या पत्र्यावरून आवाज कमी येतो, मॅनहोलच्या गळ्यावरून स्पष्ट येतो. दहा वेळा मोजा, सरासरी लिहा. दोन वेळांमधलं अंतर थोडं कमीजास्त येईल, कारण धार दर वेळी शेजारून जाते. पण आवाज चढतो-उतरतो हे महत्त्वाचं. अडकलेल्या मशीनचा आवाज एकसुरी असतो, मुसळधार पावसात पत्र्याखाली उभं राहिल्यासारखा.

नोझलचा व्यासही व्हर्नियरने मोजून ठेवा, नवीन असताना. त्याचं कारण पुढे येईल.

तक्रार आली: पहिली वीस मिनिटं मशीनला हात लावू नका

मी या क्रमाने जातो.

१. दाब बघा, आणि तोही टाकीच्या डोक्यावर. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाब निम्मा झाला तरी प्रवाह ७० टक्के राहतो. त्यामुळे फ्लो मीटरवर बिघाड किरकोळ दिसतो, प्रत्यक्षात धारेचा मार निम्म्यावर आलेला असतो.

२. स्ट्रेनर (कचरा अडवणारी जाळी) उघडा. जेट हेडच्या आधी लाइनमध्ये स्ट्रेनर हवाच. नसेल तर आधी तो बसवायचा, मशीनची दुरुस्ती नंतर. जाळीत काय सापडलं ते फेकू नका. रबराचा तुकडा असेल तर कुठलं तरी गॅस्केट फुटलंय. पांढरे खडे असतील तर क्षार. टेफ्लॉन टेपचे धागे असतील तर कोणी सॅनिटरी लाइनवर नको तिथे आट्याचं फिटिंग लावलंय. चमकदार धातूचे कण असतील तर पंपाचा इम्पेलर केसिंगला घासतोय का बघा. जाळीच फाटलेली असेल, तर कचरा मशीनमध्ये गेलाय हे गृहीत धरा.

३. व्हॉल्व्ह नीट उघडे आहेत का? दोन टाक्यांची सीआयपी एकाच पंपावर एकाच वेळी सुरू आहे का? ही साधी गोष्ट मी अनेकदा पाहिली आहे. घाई असते, ऑपरेटर दोन्ही टाक्या लावतो, आणि दोन्ही मशीन अर्धपोटी राहतात.

४. पंपाचा आवाज ऐका. कडकड, आत खडे फिरल्यासारखा आवाज येत असेल तर पंप हवा ओढतोय किंवा कॅव्हिटेशन (पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) होतंय. सीआयपीच्या टाकीत पातळी कमी असणं, सक्शनच्या क्लॅम्पमधून हवा शिरणं ही नेहमीची कारणं. हवा मिसळलेलं पाणी नोझलमधून थुंकल्यासारखं निघतं आणि टर्बाइन अडखळत चालते.

५. टाकीच्या तळाशी पाणी साचतंय का? परत नेणारा पंप आत येणाऱ्या पाण्याएवढं ओढू शकला नाही तर तळाला डबकं होतं. धार डबक्यावर पडते, तळाच्या पत्र्यापर्यंत पोचत नाही. भिंती स्वच्छ आणि फक्त तळ घाण, असं दिसलं की मशीन निर्दोष समजा.

हे पाचही बरोबर असतील, तरच मशीन उतरवायचं.

लक्षणं काय सांगतात

मशीन अजिबात फिरत नाही. कचऱ्याची शक्यता सर्वांत जास्त. ती लाइन नुकतीच कापली, वेल्ड केली किंवा गॅस्केट बदललं असेल तर जवळजवळ खात्रीच. नवीन वेल्डिंगनंतर मशीन बसवण्याआधी लाइन मोकळी ठेवून धुऊन काढायची असते, वेल्डचे मणी आणि ग्राइंडिंगचा चुरा बाहेर पडेपर्यंत. वेल्डरला घाई असते आणि प्रॉडक्शनला त्याहून जास्त. तरी या एका बाबतीत ऐकू नका.

फिरतं, पण दिवसेंदिवस मंद होत चाललंय. इथे मला पाणी आठवतं. आपल्याकडे बऱ्याच डेअऱ्या बोअरवेलच्या जड पाण्यावर चालतात. ते पाणी तापलं किंवा कॉस्टिकमध्ये मिसळलं की त्यातला चुना खाली बसतो, आणि जेट हेडच्या गिअरमधल्या बारीक फटी त्याला आवडतात. त्यात दुधाचे क्षार आणि प्रथिनं मिसळली की मिल्कस्टोन तयार होतो, दातावरच्या किटणासारखा. नायट्रिक ॲसिडने धुण्याची पायरी नियमित होते का ते बघा. ‘आज वेळ नाही, ॲसिड उद्या’ असं आठवडाभर चाललेलं मी पाहिलं आहे.

नेहमीपेक्षा वेगाने फिरतं. लोकांना हे चांगलं वाटतं, पण वेगाने फिरणाऱ्या हेडची धार भिंतीवर टिकत नाही, नुसती चाटून जाते. चुकीच्या मापाचं नोझल किंवा टर्बाइनच्या आधी बसणारा मार्गदर्शक तुकडा चुकीचा बसलाय का ते तपासा. दाब जरुरीपेक्षा जास्त असेल तरीही हेच होतं. शिवाय धार फुटून तिचं धुकं होतं आणि लांबच्या भिंतीपर्यंत मार पोचत नाही. दाब वाढवला की धुणं सुधारतं, हा समज एका मर्यादेपर्यंतच खरा आहे.

थंड पाण्यात बरोबर चालतं, ७५ अंशांच्या कॉस्टिकला अडखळतं. दोन शक्यता. गरम द्रवात पंपाला कॅव्हिटेशन लवकर होतं, म्हणून आधी पंप ऐका. तो ठीक असेल तर मशीनमधले प्लॅस्टिकचे बुश (शाफ्टभोवतीच्या कड्या) तापून फुगतात आणि शाफ्टला पकडतात. नवीन बुश बसवल्यानंतर हे दिसलं तर बुशचं माप किंवा मटेरियल चुकलंय.

फिरण्याचा वेग बरोबर, तरी भिंतीवर आडवे-तिरके पट्टे राहतात. एखादं नोझल अर्धवट बंद असेल. किंवा नोझल झिजली असतील. आधी लिहून ठेवलेला व्यास इथे कामाला येतो. ५ मिमीचं नोझल झिजून ५.५ मिमी झालं की त्याचं क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. तेवढं जास्त पाणी द्यायची पंपाची तयारी नसते, म्हणून दाब पडतो आणि धार पसरते. डोळ्यांनी पाहिलं तर नोझल नव्यासारखंच दिसतं.

एकाच ठिकाणी, नेहमी त्याच ठिकाणी घाण राहते. ही सावली आहे. ॲजिटेटरची (ढवळणीची) पाती, बॅफल (प्रवाह अडवणारी पट्टी), तापमानाच्या प्रोबची नळी यांच्या मागे धार पोचत नाही. मशीन कितीही दुरुस्त केलं तरी ती जाणार नाही. ॲजिटेटर सीआयपीच्या वेळी फिरत ठेवणं, दुसरं मशीन बसवणं किंवा डाउनपाइपची लांबी बदलणं हे उपाय, आणि ते डिझाइनवाल्यांशी बोलून करायचे.

मशीन उतरवण्याआधी

इथे मी हळू जाणार आहे, तुम्हीही हळू वाचा.

सीआयपी पंपाला कुलूप आणि टॅग लावा, चावी आपल्या खिशात. लाइन पाण्याने धुऊन, ड्रेन उघडून रिकामी करा. क्लॅम्प सोडण्याआधी ड्रेनच्या पाण्याला पीएच पट्टी लावून बघा. वरच्या पाइपमध्ये अडकलेलं गरम कॉस्टिक क्लॅम्प सुटताच तोंडावर येतं. गॉगल आणि हातमोजे घालूनच क्लॅम्प सोडायचा. ५ बारला नोझलमधून सुटणाऱ्या धारेचा वेग ताशी १०० किलोमीटरहून जास्त असतो, म्हणून ‘जरा बघू फिरतंय का’ म्हणून उघड्या मॅनहोलवर वाकून बघणं कायमचं बंद.

टाकीच्या आत उतरावं लागणार असेल तर तो वेगळाच विषय आहे. लेखी परवानगी, हवेची तपासणी, बाहेर उभा असलेला माणूस, कंबरेचा पट्टा आणि दोर यांशिवाय आत जायचं नाही, कोणी कितीही वरिष्ठ सांगत असला तरी. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये ही खबरदारी लिहिली होती आणि ३६अ मध्ये आत नेण्याचा हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा नसावा असं म्हटलं होतं. ओल्या स्टीलच्या टाकीत २३० व्होल्टचा बल्ब घेऊन उतरलेला माणूस मी एकदा पाहिला आहे. तो वाचला.

तीन गोष्टी आणखी. नायट्रिक आणि हायपोक्लोराइट कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. गरम धुण्यानंतर बंद टाकीत लगेच थंड पाणी सोडू नका. आतली वाफ क्षणात आवळते, व्हेंट (हवा आत-बाहेर जायची वाट) अडकलेला असेल तर बाहेरच्या हवेच्या दाबाने सायलो पत्र्याच्या डब्यासारखा आत चेपतो. मशीन दुरुस्त झाल्यावर पहिली धुलाई करताना व्हेंट स्वतः जाऊन बघा. तिसरी गोष्ट डेअरीबाहेरची: लोटे, तळोजासारख्या रासायनिक कारखान्यांच्या वसाहतींत हेच मशीन सॉल्व्हंटच्या टाकीत बसवलेलं असेल तर अर्थिंग तपासल्याशिवाय सुरू करू नका. जोरदार धारांमुळे टाकीत विद्युतभारित धुकं तयार होतं. डिसेंबर १९६९ मध्ये मार्पेसा, माक्ट्रा आणि किंग हाकोन सातवा या तीन प्रचंड तेलवाहू जहाजांत टाक्या धुताना स्फोट झाले. त्यानंतर अशा जहाजांच्या टाक्यांत निष्क्रिय वायू भरण्याची पद्धत रूढ झाली.

मशीन काढताना त्याला दोरी बांधा. बऱ्याच मॉडेलमध्ये ते डाउनपाइपला एका पिनेने आणि क्लिपने अडकवलेलं असतं. पिन ओढली की ते सरळ तळावर जातं, आणि तळाचा पत्रा व मशीन दोन्ही खराब होतात.

उघडणं आणि साफ करणं

स्वच्छ टेबल, पांढरं कापड, आणि प्रत्येक भाग काढला त्याच क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडायचा. मोबाइलने फोटो काढत जा. बॉल बेअरिंग असेल तर गोळ्या मोजा आणि वाटीत ठेवा. कामाच्या शेवटी एक गोळी कमी भरली तर ती दुधात गेली असं समजूनच पुढचं पाऊल टाकावं लागतं, म्हणून हा हिशोब टाळू नका.

काही आटे उलटे असतात. सुटत नाही म्हणून लांब पाइप लावून जोर देण्याआधी मशीनसोबत आलेली पुस्तिका उघडा. स्टेनलेस स्टीलवर स्टेनलेस स्टील जोराने फिरवलं की आटे एकमेकांना चावतात, मग ते सोडवताना भागच जातो. हातोडी वापरायचीच असेल तर रबरी. व्हाइसमध्ये धरायचं असेल तर जबड्यांना मऊ पत्रा किंवा नायलॉन लावा. लोखंडी तारेचा ब्रश या टेबलाजवळही नको, त्याचे कण स्टेनलेसवर राहतात आणि तिथून गंज धरतो. नायलॉनचा ब्रश पुरतो.

क्षार काढायला भाग सौम्य नायट्रिक किंवा सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा, मधून मधून बघा, मग भरपूर पाण्याने धुवा. फरशी आणि संडास धुवायला दुकानात मिळतं ते ॲसिड वापरू नका, ते हायड्रोक्लोरिक असतं आणि त्यातलं क्लोराइड स्टेनलेसला बारीक खड्डे पाडतं. एका हेल्परने चांगल्या भावनेने हे केलं होतं. मशीन त्या दिवशी नव्यासारखं चमकलं आणि दोन महिन्यांनी टर्बाइनच्या शाफ्टवर काळे ठिपके दिसले.

आता बघायचं काय? टर्बाइनची पाती मोडली किंवा वाकली आहेत का. गिअरच्या दातांची टोकं धारदार झाली आहेत का. झिजलेला दात सुरीसारखा होतो, नवा दात बोटाला बोथट लागतो. शाफ्ट बुशमध्ये हलवून प्ले (सैलपणा) बघा, मर्यादा पुस्तिकेत असते, अंदाजाने ठरवू नका. ओ-रिंग चपटी, कडक किंवा फुगलेली असेल तर बदला.

फुगलेल्या ओ-रिंगबद्दल थोडं जास्त सांगतो. डेअरीत बहुतेक सील ईपीडीएम या कृत्रिम रबराचे असतात, कारण गरम कॉस्टिक ते उत्तम सोसतात. पण खनिज तेल लागलं की ईपीडीएम फुगतं. बाजारातलं पिवळं ग्रीस लावून जोडलेलं मशीन महिन्याभरात जाम होतं, आणि दोष मशीनवर येतो. लावायचंच असेल तर फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस, तेही पुसटसं. मुळात डेअरीच्या जेट हेडच्या गिअरना बाहेरचं तेल लागतच नाही, आतून जाणारा द्रवच त्यांचं वंगण असतो. म्हणूनच हवा किंवा वाफ सोडून मशीन फिरवून बघणं त्याला मारक आहे. कोरडी टर्बाइन बेफाम वेगाने फिरते आणि बुश काही मिनिटांत जातात. टाकी वाफेने निर्जंतुक करत असाल तर वाफेचा दाब उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत ठेवा आणि ती सावकाश सोडा.

परत बसवणं आणि चाचणी

जोडताना प्रत्येक टप्प्यावर हब हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा. कुठेही अडकलं तर तिथेच थांबा, शेवटचा नट आवळल्यावर मोकळं होईल अशी आशा धरू नका. ज्या मॉडेलचं अंग हाताने उलटं फिरवायला पुस्तिका मनाई करते, तिथे ते पाळा.

टाकीत बसवण्याआधी अंगणात मोठ्या पिंपात उलटं-सुलटं न करता, उभं बांधून, थंड पाण्याने कमी दाबावर चालवा. सगळी नोझल सारखी धार देतात का आणि फिरणं अडखळत नाही ना, एवढंच बघायचंय. मग टाकीत. पिन बसली, तिची क्लिप बसली, हे स्वतः हात लावून बघा. पहिल्यांदा सुरू करताना व्हॉल्व्ह हळू उघडा. रिकाम्या पाइपमधून धावत आलेलं पाणी मशीनवर एकदम आदळलं की गिअरचे दात तुटायला तो एक दणका पुरतो. व्हॉल्व्ह स्वयंचलित असेल तर तो सावकाश उघडेल अशी सेटिंग करून घ्या.

नंतर लाकडी दांडा, कान आणि घड्याळ. निरोगी मशीनच्या नोंदीशी आकडा जुळला पाहिजे.

मोठी दुरुस्ती झाली असेल किंवा मशीन नवं असेल तर रायबोफ्लेविनची चाचणी करा. हे जीवनसत्त्व ब-२ आहे. १ लिटर पाण्यात ०.२ ग्रॅम विरघळवून आतल्या सगळ्या पृष्ठभागावर फवारायचं, सुकू द्यायचं नाही, आणि फक्त पाण्याने मशीन ठरलेला वेळ चालवायचं. मग ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा मारायचा. जिथे हिरवट-पिवळं चमकलं तिथे धार पोचलेली नाही. प्रकाशात हे द्रावण खराब होतं, म्हणून त्याच दिवशी बनवून झाकून ठेवा.

किती दिवसांनी काय

बऱ्याच पुस्तिकांमध्ये ३०० तास चालल्यावर सर्व्हिस असं लिहिलेलं असतं. नवा माणूस हे कॅलेंडरचे तास समजतो. मोजायचे ते मशीन प्रत्यक्ष चाललेले तास. दिवसातून दोन धुलाया आणि प्रत्येकीत ४० मिनिटं फिरणं धरलं, तर ३०० तास व्हायला साधारण २२५ दिवस लागतात, म्हणजे सात-साडेसात महिने. पाणी जड असेल तर मी ते चार महिन्यांवर आणतो आणि पहिल्या दोन सर्व्हिसमध्ये काय निघतं ते बघून पुढचं ठरवतो.

रोज: दाब आणि आवाज, एका ओळीत नोंद. आठवड्याला: स्ट्रेनर उघडणं. महिन्याला: मॅनहोलमधून, सगळं बंद आणि थंड असताना, टॉर्चने भिंतींचं निरीक्षण. तिमाहीला नोझलचा व्यास. स्टोअरमध्ये एक पूर्ण सील किट, एक बुशचा संच, क्लिपा आणि दोन नोझल कायम असू द्या. दोनपेक्षा जास्त सायलो असतील तर एक अख्खं मशीन राखीव ठेवा. ते फिरवून वापरायचं: सर्व्हिस झालेलं वर जातं, उतरवलेलं टेबलावर येतं, टाकी थांबत नाही.

नोंदवही टाकीच्या नावाने ठेवण्यापेक्षा मशीनच्या नंबराने ठेवा. मशीन एका सायलोतून दुसऱ्यात जातं, आणि टाकीच्या वहीत त्याचा इतिहास हरवतो. बहुतेक मशीनच्या अंगावर कोरलेला नंबर असतो. कोरलेला नसेल तर स्टीलची चकती तारेने बाहेरच्या पाइपला बांधा, आतल्या बाजूला काही बांधायचं नाही.